सहा दिवसांचं पाणी

संक्रांतीचा तिळगूळ अजून डब्यात शिल्लक होता, तेव्हाच मालनला दवाखान्यात ठेवावं लागलं. पाचवा महिना लागला होता. लग्नाला नऊ वर्षं झालेली, आणि याआधीची तिन्ही पोटं पाचव्या-सहाव्या महिन्यातच गेलेली. म्हणून या खेपेला भुईगावच्या दिवाकर राऊताने ना सुईणीचं ऐकलं, ना भगताचं. गल्लीतल्या सॅन्टनची बैलगाडी मागून आणली, तिच्यात गवत पसरलं, गवतावर गोधडी आणि गोधडीवर बायको, आणि खड्डे चुकवत चुकवत वसईच्या मिशनच्या दवाखान्यात नेऊन पोचवली.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. गर्भपिशवीचं तोंड सैल आहे म्हणाल्या. त्याला टाका घातला, खाटेच्या पायथ्याकडच्या दोन्ही पायांखाली विटा सरकवल्या आणि दिवाकरला व्हरांड्यात बोलावून घेतलं.

"आता वैशाखापर्यंत हिने उठायचं नाही. बसायचंसुद्धा नाही. जेवण झोपून, आंघोळ झोपून, सगळं झोपून."

"म्हंजे चार महिने?"

"चार महिने. जमणार नसेल तर आत्ताच सांगा."

दिवाकरने खाली मान घालून जमेल म्हणून सांगितलं. आत मालन छताकडे बघत पडली होती. डोकं खाली आणि पाय वर, त्यामुळे चेहरा फुगल्यासारखा दिसत होता. पहाटे चारला उठून केळीच्या बागेत कंबर मोडेपर्यंत राबणारी बाई ती. घरात भांडं घासायला कुणी दुसरीने घेतलं तरी हिला चैन पडायचं नाही. ती चार महिने पडून कशी राहणार, हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याने तो बाहेर पडू दिला नाही.

संध्याकाळी तो घरी आला, वाडीतल्या तळ्यावर, बावखलावर, डोक्यावरून आंघोळ केली आणि कावड खांद्यावर घेऊन वेलीकडे निघाला.

राऊतांच्या घरी केळी होती, मोगरा होता, पण घराची ओळख पानवेलीची. अकरा ओळी, दिवाकरच्या बापाने लावलेल्या. इंजिनाचं पाणी पाटाने केळीला जायचं, वेलीला ते चालत नसे. तिला झारीने, मुळाशी, हळू हळू पाणी लागे आणि तेही रोज. आणि पानवेलीचे नखरे एवढे की नव्या नवरीनेही हात टेकावेत. आंघोळ केल्याशिवाय आत जायचं नाही. वहाणा कुडाबाहेर. विटाळशी बाई कुडाच्या जवळपाससुद्धा नको. घरात कोणी बाळंत झालं तर दहा दिवस घरच्या कुणीच वेलीत पाऊल टाकायचं नाही, तेवढे दिवस भाऊबंदांनी पाणी घालायचं.

वेलीच्या कुडाचं दार धरून दिवाकरची आई, पुतळाबाई, उभी होती.

"कुटं निघालास?"

"पानी घालाला."

"बालंतिनींच्या घरातना आलास तू."

"आंघोल केली ना, आय. आनि मालन कुटं बालंत झाली हाय?"

"ती नाय. पन तिच्या आजूबाजूला रोज एक बालंत होते ना? तितं बारा महिने सुवेर हाय. तुझी एक आंघोल किती पुरनार?" पुतळाबाईने दाराची दोरी सोडली नाही. "तुझ्या बापसाने वेलीत कदी विटाल नेला नाय. तू जा बायकोकडं, रोज जा, मी अडवनार नाय. पन मंग इतं पाऊल टाकू नको."

दिवाकरने कावड खाली ठेवली. तो याच रिवाजात वाढलेला. खरं सांगायचं तर तो हे सगळं मानत होता की नाही, हे त्यालाही धड ठाऊक नव्हतं. एखाद्या सकाळी पानं काळी पडलेली दिसली तर पहिला संशय त्याला स्वतःचाच आला असता.

"मंग पानी कोन घालील?"

"मी घालीन."

पुतळाबाईला साठ कधीच उलटलेली. वाळलेल्या शेंगेएवढं अंग. पण बोलली तशी ती दुसऱ्या दिवशी पहाटे आंघोळ करून वेलीत उभी राहिली. दिवाकर बावखलातून कावड भरून कुडापर्यंत आणी आणि दाराबाहेर डबे ठेवून मागे सरके. मग ती आतून येई, डब्यातलं पाणी कळशीत ओतून घेई आणि ओळीत शिरे. तो दारातून बघत राही. तिसऱ्या ओळीतला वेल सुटलाय, बांधायला हवा, हे त्याला तिथून दिसायचं. "आय, तिसऱ्या ओलीत बग," एवढंच तो सांगायचा.

असा दिवस सुरू झाला की थांबत नसे. केळीचं पाणी, घडांची तोड, आईच्या डब्यांची वाहतूक, मग दहाच्या सुमाराला सायकलला जेवणाचा डबा अडकवून वसई. दुपारी परत, आणि चारला पुन्हा दवाखाना. मालनच्या आईला जाऊन बरीच वर्षं झालेली, माहेर लांब केळव्याला, तिथून कोणी येणारं नव्हतं. बाकी खाटांपाशी आया होत्या, सासवा होत्या. मालनच्या खाटेपाशी दिवाकर. तो तिचे कपडे दवाखान्याच्या मागच्या दगडावर धुवायचा. पडून पडून पाठ सोलवटू नये म्हणून तिला कुशीवर वळवून खोबरेल चोळायचा. धुणं धुणाऱ्या बायका पदराआडून हसायच्या, मग हळूहळू त्यांनी त्याला दगडाची एक बाजू मोकळी ठेवायला सुरुवात केली.

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. चारला तो आला तर मालन भिंतीकडे तोंड करून, ओठ घट्ट मिटून पडलेली.

"काय झालं?"

"काय नाय."

"दुखते?"

"नाय."

मग त्याच्या लक्षात आलं. वॉर्डातली आया थेरेसा बाळंतिणीच्या खोलीत अडकली होती. थेरेसा सॅन्टनची बहीण, भुईगावचीच, एका गल्लीतली. स्वभावाने मोकळी, दहादा सांगायची, "वैनी, लाजू नको, माझा कामच हाय ते." पण नेमकी ओळखीची म्हणूनच मालनला ते जमत नव्हतं. जिच्या घरून नाताळात करंज्या यायच्या आणि जिच्याकडे गणपतीत मोदक जायचे, तिच्यापुढे मुताचं भांडं कसं मागायचं? दिवाकर वाकला, खाटेखालचं भांडं काढलं, खाटेभोवतीचा पडदा ओढला. मालनने दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून घेतलं आणि ती रडली.  त्याने भांडं नेऊन धुतलं, पुसलं, जागेवर ठेवलं.

तेव्हापासून तिचा शरीरधर्म त्याच्या सायकलीच्या वेळेवर चालू लागला. तो यायच्या आधी ती थेरेसाला काही सांगत नसे. पहाटेची एक वेळ रात्रपाळीच्या आयाकडून भागवून घ्यायची, बाकी थोपवून धरायची.

ही बातमी भुईगावात पोचायला वेळ लागला नाही. चहाच्या टपरीवर गावच्या हरेश्वरने त्याला हटकलंच, "काय आयाबाय, सुटली का ड्युटी?" सगळे हसले. दिवाकरने चहा अर्धा टाकला आणि सायकलवर बसला. त्या दिवशी रस्ताभर त्याचे कान तापलेले होते. दवाखान्यात पोचल्यावर मात्र त्याने डबा उघडायच्या आधी भांडंच काढलं.

माघ गेला. मालनच्या पोटाला आकार आला. सहावा उलटला, तेव्हा डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या. मालन पोटावर हात ठेवून पडून राहायची आणि तो आला की बोटाने जागा दाखवायची, "इतं. आते इतं हालला." दिवाकर हात ठेवायचा, पण त्याचा हात लागला की मूल गप्प. "बापसाला भिते," ती म्हणायची. नऊ वर्षांत त्याने तिला असं बोलताना ऐकलं नव्हतं.

शिमगा चार दिवसांवर आला आणि पुतळाबाई वेलीत घसरून पडली. ओल्या चिखलात पाय मुडपला. घोटा फुगून नारळाएवढा झाला. हाडवैद्याने बांबूच्या कांबी लावून बांधला आणि पंधरा दिवस जमिनीला टेकवू नको म्हणून बजावलं. ऊन असं कडक पडलेलं की बावखलाचं पाणी रोज बोटभर खाली जात होतं. तीन दिवस वेलीला पाणी मिळालं नाही. पानांची तकाकी गेली, कडा आत वळल्या. भाऊबंदांच्या स्वतःच्या वेली होत्या, तेही दिवसभर पाण्यामागेच.

पुतळाबाई ओटीवर पाय लांब करून बसली होती.

"दिवाकर, डोक्यावरना आंघोल कर. गोमूत्र घे. आनि वेलीत जा."

"आनि मालन?"

"धा दिवस जाऊ नको. माझा पाय टेकला का परत जा. डबा सॅन्टन नेईल, तो जातेच ना बाजाराला. तितं सिस्टर हायेत, डाक्टर हाय, ती काय रानात पडली हाय?"

तो संध्याकाळी मालनला विचारायला गेला. खरं तर विचारायला नव्हेच, तिने नको म्हणावं म्हणून गेला. पण मालन पानवाल्याच्या घरात नांदलेली. पानांच्या कडा वळल्या हे ऐकताच ती उशीवरून मान उचलू बघत होती, त्याने दाबून धरली.

"तुमी येऊ नका," ती म्हणाली. "वेल गेली तर मामंजींचं नाव गेलं. धा दिवस तर हायेत. थेरेसा हाय इतं."

"तिला सांगशील ना? सगलं?"

"सांगीन."

तिने सांगीन म्हटलं आणि त्याने ते खरं मानलं, कारण त्याला ते खरं मानायचं होतं. दोन महिने कुडाबाहेरून वेल बघून त्याचे हात शिवशिवत होते. दुसऱ्या दिवशी तो अनवाणी आत शिरला, मुळाशी पहिली झारी ओतली आणि ओल्या मातीचा वास आला तेव्हा त्याला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची पुढे त्याला फार लाज वाटली.

सहा दिवस तो वेलीत राबला. पहाटेपासून कावड. खांद्याची कातडी सोलली, तिथे फडकं बांधलं. सुटलेले वेल केळीच्या सोपटाने आधाराच्या पांगाऱ्याच्या झाडांना बांधले, सडकी पानं खुडली. चौथ्या दिवशी कडा सरळ झाल्या. सॅन्टन रोज दुपारी रिकामा डबा आणून द्यायचा. बायकांच्या वॉर्डात आत जायला तो संकोचायचा, दारातूनच थेरेसाकडे डबा द्यायचा आणि घ्यायचा. "बरी हाय बोलली," एवढाच निरोप. डबा रिकामा असायचा, म्हणजे जेवते आहे, असं दिवाकर समजत होता.

सहाव्या दिवशी भर उन्हात थेरेसा कुडाशी आली. आयाच्या पांढऱ्या लुगड्यातच होती, धावत आल्यासारखी. कुडाच्या आत आली नाही. तिथूनच ओरडली, "दिवाकरदादा, वैनीला ताप भरला. सकालपासना पोट आवलते."

दिवाकरच्या खांद्यावर भरलेली कावड होती.

"ती पानी पीत नाय, दादा, पहाटे दोन घोट तेवडं. मना आज समजला. डबा बाजूच्या खाटेवाल्या बाईला द्यायची, आनि पानी, मी पेला भरून ठेवी तो खिडकीतना ओतून टाकी. ओठ फुटले तिचे. मी रागावले तर म्हनते, पानी प्यालं का मंग भांडं लागते."

कावड त्याने कशी उतरवली हे त्याला आठवलं नाही. सदरा अंगात घालत तो सायकलवर बसला. भुईगाव ते वसई एवढा रस्ता, दोन्ही बाजूंना हिरव्यागार वाड्या, पाटातून पाणी वाहतंय, आणि आपली बायको सहा दिवस तहानलेली. हा एकच विचार डोक्यात घेऊन तो पायडल मारत होता आणि मोठ्याने रडत होता. येणारी-जाणारी माणसं थांबून बघत होती.

डॉक्टरीणबाई खाटेपाशीच होत्या. सलाइन लावलेलं. मालनचे डोळे खोल गेलेले, ओठांवर खपल्या.

"लघवीत जंतू झालेत," त्या म्हणाल्या. "त्याने ताप आलाय आणि त्यानेच पोट आवळतंय. इंजेक्शनं दिलीत. कळा थांबल्या तर थांबल्या. आत्ता मूल बाहेर आलं तर जगायचं नाही. पण ही पाणी का पीत नव्हती?"

"मी आलो नाय म्हनून," दिवाकर म्हणाला.

बाईंना ते कळलं की नाही कोण जाणे. त्या गेल्यावर त्याने पेला घेतला आणि चमच्याने पाणी तिच्या ओठांत सोडलं. ती गिळायची आणि डोळे मिटायची. पाच-पाच मिनिटांनी पोट दगडासारखं होई, ती खाटेची लोखंडी कड धरून ठेवी. कळ ओसरली की दिवाकर पुन्हा चमचा पुढे करी.

"वेल कशी हाय?" तिने मधेच विचारलं.

"मरू दे ती वेल!" तो एवढ्या मोठ्याने बोलला की सगळा वॉर्ड वळून बघू लागला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तू पी. मी आते कुटं जात नाय."

तो खरंच गेला नाही. दिवसा खाटेपाशी, रात्री व्हरांड्यातल्या बाकावर. सॅन्टनबरोबर आईला निरोप धाडला, मी येणार नाही, वेलीचं काय होईल ते होवो. दुसऱ्या दिवशी कळा लांबल्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि पोट सैल पडलं. डॉक्टरीणबाईंनी नळी लावून मुलाचे ठोके ऐकले आणि ती नळी दिवाकरच्या कानाला लावली. त्याला आधी काहीच ऐकू आलं नाही. मग घाईघाईची टकटक ऐकू आली आणि तो तसाच वाकून राहिला, बाईंनी नळी काढून घेईपर्यंत.

चौथ्या दिवशी सकाळी सॅन्टनची गाडी फाटकात थांबली. मागून पुतळाबाई उतरली. घोट्याला कांबी, हातात काठी, एका हाताने सॅन्टनचा खांदा धरलेला. वॉर्डाच्या दारापर्यंत आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. आतून बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता, त्याच पहाटे पलीकडच्या खाटेवरची बाई बाळंत झाली होती.

दिवाकर बाहेर आला. आई आत का येत नाही ते त्याला ठाऊक होतं. ती आत आली की घरात वेलीत जायला कोणीच उरत नव्हतं.

"इतनाच बग, आय. ती बरी हाय आते."

पुतळाबाई आत बघत होती. मालनने सासूला पाहिलं, सवयीने डोक्यावरचा पदर सारखा करायला गेली. हाताला सुई टोचलेली, तो हात उचलला गेला नाही.

"थेरेसाने मना सगलं सांगितलं," पुतळाबाई म्हणाली. "सहा दिवस. आनि मी सॅन्टनला रोज विचारी, डबा खाल्लान का? पानी प्याली का, असं नाय विचारलं मी. बाईमानूस असून नाय विचारलं."

तिने काठी भिंतीला टेकवली, दाराची चौकट धरली, बांधलेला पाय आधी आत टाकला आणि मग दुसरा.

"आय, वेल..."

"कुडाचा दार बांदून आले मी."

खाटेपाशी स्टुलावर बसून तिने मालनच्या केसांवरून हात फिरवला. नऊ वर्षांत तीन वेळा तिने या सुनेला चार शब्द ऐकवले होते.  आज पेला भरून तिने मालनला स्वतः पाणी पाजलं, सगळा पेला. मग थोड्या वेळाने, मालनचा चेहरा बघून, वाकून खाटेखाली हात घातला.

"आत्या, नको," मालन म्हणाली. "तुमी नको."

"गप. दिवाकर, पडदा वढ आनि तू भायेर जा. बायकांचा काम हाय हा."

दिवाकर बाहेर गेला, व्हरांड्याच्या खांबाला डोकं टेकून उभा राहिला.

त्यानंतर पुतळाबाई दवाखान्यातच राहिली. काठीने खुरडत खुरडत तिने दोन महिने सुनेचं सगळं केलं. वेल उन्हात गेली. सॅन्टनने राहवेना म्हणून, आपलं काम सांभाळून, कुडाच्या दाराची दोरी सोडून कडेच्या दोन ओळींना पाणी घातलं. आत जाताना वहाणा त्याने बाहेर काढल्या, कोणी सांगितलं नव्हतं तरी. बाकीच्या नऊ ओळी पांगाऱ्यावरच वाळल्या. पुतळाबाईला ते कळलं तेव्हा ती तोंडाला पदर लावून थोडा वेळ बसली, मग उठून मालनच्या पेजेचं बघायला गेली.

वैशाखात टाका काढला आणि दोन दिवसांनी मुलगी झाली. सव्वापाच रत्तल, काळीसावळी, आवाज खणखणीत. दिवाकरने तिला हातात इतकं अवघडून धरलं की सिस्टरने पुन्हा काढून घेतली.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मालनला उठायला सांगितलं. चार महिने जमीन न टेकलेले पाय, पोटऱ्या काडीसारख्या झालेल्या. ती खाटेच्या कडेवर बसली आणि तिला घेरी आली. पुन्हा बसली. दिवाकरने एका बाजूने धरलं, पुतळाबाईने दुसऱ्या. पहिलं पाऊल टाकताच गुडघे वाकले आणि ती दोघांच्या हातांत लोंबकळली. वॉर्डातल्या बायका बघत होत्या.

"भांडं देऊ?" पुतळाबाईने विचारलं.

"नाय," मालन म्हणाली. "मी जाते."

खाटेपासून संडासापर्यंत पंचवीस पावलं. ती भिंत धरून, थांबत, घाम पुसत गेली. दाराशी पोचल्यावर तिने दोघांचेही हात सोडवले. मुलगी आता दिवाकरच्या छातीशी होती, थेरेसाने आणून दिलेली. मालनने एकदा त्या दोघांकडे पाहिलं, आत गेली आणि दार लावून घेतलं. कडी लागल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. पुतळाबाई दाराला कान लावायला पुढे झाली, तेवढ्यात आतून नळ सुटला, पाणी बादलीत पडू लागलं.

"अवं," आतून मालनचा आवाज आला, "हाव ना तितं?"

दिवाकरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"हाय," तो म्हणाला. "सावकाश ये."